तिसरी घोडी

कोहळा जागच्या जागी लटकत होता आणि घोडी मला घेऊन ओढ्याकाठच्या बाभळीकडे निघाली होती. बार झाला होता. धूर नाकातोंडात गेला होता. मी लगाम ओढला तेव्हा बाभळीवरून सुगरणीचं एक घरटं खाली पडलं.

मागे सगळं गाव उभं होतं. पालखी होती, ढोलवाले होते. मग खालच्या आळीच्या आप्पाचा आवाज आला.

"कोहळा वाचला बरं का! सुगरण तेवढी बेघर झाली!"

हसू फुटलं. मी खाली उतरलो. घोडीचं तोंड फेसाळलं होतं. तिला थोपटावं असंही मला वाटलं नाही. मी तिच्याकडे बघून म्हणालो, "बुजरी अवलाद."

आमच्या सोनखडीत दसऱ्याला सीमोल्लंघनाचा बार उडवतात. गावच्या शिवेवर तीन बांबूंच्या तिकाटण्याला कोहळा टांगायचा. मानाच्या घरच्या स्वारानं घोडा भरधाव सोडून तोड्याच्या बंदुकीनं तो फोडायचा. फुटला की मगच लोक आपट्याला हात लावतात. हा मान वरच्या आळीचा, म्हणजे आमचा. पण लागोपाठ तीन दसरे बार चुकला, तर बंदूक खालच्या आळीला द्यायची आणि ती परत मागायची नाही, असा गावाचा ठराव होता. आमच्या आजोबांच्या आधी ती खालच्या आळीकडेच होती. त्यांच्याकडून ती अशीच आली होती.

माझ्या वडिलांनी, नानांनी, चोवीस दसरे बार उडवला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा घोडी आणि बंदूक माझ्याकडे आली. पहिल्या दसऱ्याला माझा बार आभाळात गेला. ती घोडी आम्ही विकली. हा दुसरा दसरा. आता एकच उरला होता.

त्या संध्याकाळी नाना ओसरीवर बसले होते. आप्पा सोनं द्यायला आला, त्यांच्या पाया पडला आणि जाता जाता म्हणाला, "नाना, बंदूक टेकवायला भिंतीला दोन खुंट्या मारून ठिवतो. पुढच्या साली गडबड नको."

"मार की," नाना म्हणाले. "तुझी टोपी अडकवायला होतील."

आप्पा गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "श्रीपती, घोडी कशी फिरली?"

"डावीकडं. बार झाला तशी बुजली."

"ही पण विकायची."

"व्हय."

सगुणा चुलीपाशी होती. आमचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. ती लोणंदच्या टांगेवाल्याची मुलगी. घोड्यांत वाढलेली. ती तिथूनच म्हणाली, "मामंजी, दोन्ही घोड्या डावीकडंच फिरल्या का?"

"व्हय. का गं?"

"काही न्हाई. इचारलं."

ती आता नाही. आठ महिने झाले. घरात बोलायला कुणी नसलं की माणूस लिहीत बसतो, म्हणून हे लिहितो आहे. दुःख सांगायचं म्हणून नाही. उलट त्या वर्षाची आठवण आली की मला अजून बरं वाटतं.

तिसरी घोडी आम्ही संक्रांतीनंतर आणली. नाना म्हणाले, आता जातिवंत घोडी नको, वरातीतली आण. म्हणून फलटणच्या एका वरातीच्या घोडेवाल्याकडे गेलो. त्यानं एक पांढरी, जाडसर, झोपाळू घोडी दाखवली. तिच्या कपाळावर लग्नातला गुलाल अजून होता.

"हिच्या पोटाखाली सुतळी बॉम्ब लावा," तो म्हणाला. "कडबा खायची थांबली तर घोडी फुकट न्या."

त्यानं खरंच लावला. पोटाखाली नाही, पण चार पावलांवर. घोडीनं कान हलवला आणि कडब्याची पुढची काडी ओढली. मी तिथल्या तिथे सौदा केला. तिचं नाव लक्ष्मी होतं. आमच्या आईचं नाव लक्ष्मी, म्हणून सगुणानं ते बदललं आणि गौरा ठेवलं.

पावसाळा सरत आला तसा आम्ही माळावर सराव सुरू केला. सकाळी लवकर जायचं. नाना काठी टेकत यायचे, सगुणा बंदूक घेऊन यायची. त्या बंदुकीला बायकांनी हात लावायचा नाही असा रिवाज होता. पण नानांना नळीचं तोंड दिसत नव्हतं आणि हात थरथरत होते. त्यांनी तिला बार भरायला शिकवलं. आधी मापानं दारू, मग चिंधीचा बोळा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी लोखंडी गजानं ठासायचं. शेजारची शांताकाकू एकदा म्हणाली, "नाना, सुनेला बंदूक दिली?" नाना म्हणाले, "मला कुठं दिसतंय कोण भरतंय ते!"

ही बंदूक आताच्या बंदुकीसारखी नाही. नळीच्या बुडाशी बाजूला एक लहान वाटी असते. तिला कान म्हणतात. त्याला सरकतं झाकण असतं. कानात चिमूटभर बारीक दारू घालायची, तिला रंजक म्हणतात. वर चापात पेटलेला तोडा, म्हणजे सुताची जळती दोरी. खटका दाबला की तोडा रंजकावर येतो. आधी फस्स होतं, कानाशी जाळ उठतो, आणि मग आत आग पोचून धाड होतं. दोन्हींच्या मधे अगदी थोडा वेळ जातो. चालत्या घोड्यावर तो थोडा वेळही बराच वाटतो. लगाम डाव्या मुठीत, आणि त्याच मुठीवर नळीचा भार.

पहिल्याच दिवशी गौरा डावीकडे फिरली.

मी हबकलोच. सुतळी बॉम्बला न हलणारी घोडी. दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरली. तिसऱ्या दिवशीही. कोहळ्याऐवजी टांगलेली बांबूची जुनी पाटी तशीच राहिली.

"फलटणवाल्यानं फसवलं," मी म्हणालो. "अफू चारली असंल त्या दिवशी."

"घोडी संक्रांतीपासून आपल्या दारात हाय," सगुणा म्हणाली. "पोळ्याला पोरांनी हिच्या शेपटीशी फटाक्याची माळ लावली. तवा कुणी अफू चारली?"

"मग तूच सांग काय ते."

"मी काय सांगू? मी टांगेवाल्याची. तुमी मानाचे."

चौथ्या दिवशी तिनं बंदूक भरून माझ्या हातात दिली. तोडा फुंकून लाल केला. मी गौराला दौडत सोडलं. पाटीपासून पंधरा पावलांवर कानाचं झाकण सरकवलं, नेम धरला, खटका दाबला.

फस्स झालं. धाड झालंच नाही.

आणि गौरा डावीकडे फिरली.

मी तिला वळवून परत आणलं. घामानं चिंब झालो होतो. "बार ओला झाला," मी म्हणालो. "आणि बघा नाना, तरी बी बुजली!"

"कशाला बुजली?" सगुणानं विचारलं.

"आवाजाला."

"कसल्या आवाजाला?"

माळावर वारं वाहत होतं. एक टिटवी ओरडत गेली. नाना खाली मान घालून बसले होते.

सगुणानं माझ्या हातातून बंदूक घेतली, तोडा काढून बाजूला ठेवला आणि गज नळीत सोडला. तो थेट बुडाशी जाऊन टण्णकन वाजला.

"रिकामी हाय," ती म्हणाली. "मी भरलीच नव्हती. कानात तेवढी रंजक घातली."

"मला येडं बनवतीस?"

"मी उजव्या अंगाला उभी हुते. घोडीकडं बघत नव्हते. तुमच्याकडं बघत हुते. फस्स झालं की तुमचे डोळे मिटतात. खांदा मागं येतो. त्याबरोबर डावी मूठ येती आणि लगाम वढला जातो. लगाम वढला तर घोडी फिरणारच. शहाणी हाय ती. तिला सांगितलं तसं ती करती."

मी नानांकडे बघितलं. ते काहीतरी बोलतील, सुनेला गप्प करतील असं मला वाटलं.

नाना म्हणाले, "म्हंजे पयल्या दोन्ही घोड्या..."

ते काठी टेकत उठले.

दोन दिवस मी सगुणाशी बोललो नाही. जेवायचो, उठायचो, शेतात जायचो. तिनंही मनधरणी केली नाही. भाकरी वाढायची आणि गोठ्यात जाऊन गौराला खरारा करत बसायची. मला राग तिचा आलाय असं मी समजत होतो. खरं म्हणजे मला आठवत होतं की मी माझा बार कधीही उडताना बघितलेला नाही. धूर बघितला होता. घोडी फिरल्यावरचं बघितलं होतं. मधलं काहीच मला आठवत नव्हतं, कारण मधे माझे डोळे मिटलेले होते.

तिसऱ्या सकाळी मीच गौरावर खोगीर घातलं. सगुणा दारात आली.

"कुठं?"

"माळावर. बंदूक आण."

"भरून आणू का रिकामी?"

"तुला काय आणायची ती आण. मला सांगू नको."

ती हसली. एवढंच, पण मोकळं हसली. माझं लग्न झालंय हे मला त्या दिवशी खरं वाटलं.

मग आमचं रोजचं सुरू झालं. ती माझ्याकडे पाठ करून बार भरायची. कधी भरायची, कधी नुसती रंजक घालायची. मला कळायचं नाही. मी दौडत जायचो, खटका दाबायचो. ती उजवीकडे वीस पावलांवर उभी राहून ओरडायची.

"मिटले!"

परत यायचो. पुन्हा जायचो.

"मिटले!"

"न्हाई मिटले!"

"पापणी हलली!"

"पापणी तर माशी बसली तरी हलती."

"माशी बसली तर कोहळा फुटायचा न्हाई. पुन्यांदा जावा."

नाना बसल्या जागेवरून म्हणायचे, "सूनबाई, दमानं घ्या. घोडी दमंल."

"घोडी दमत न्हाई, मामंजी. तिला आता ठाऊक झालंय, दमायची पाळी कुणाची हाय ते."

बार आहे की नाही हे माहीत नसलं की माणूस कशाला घाबरायचं ते विसरतो. पहिले आठ-दहा दिवस मी दोन्हींना घाबरत होतो. मग कंटाळलो. कंटाळा फार उपयोगी पडला. एका सकाळी मी खटका दाबला तेव्हा मनात बांधावरचं गवत कापायचं होतं हा विचार होता. फस्स झालं, कानाशी पिवळा जाळ उठला, आणि मग नळीच्या तोंडातून आग बाहेर पडली. सरळ, हातभर. मी ती बघितली. पाटीच्या कामट्या उडाल्या त्याही बघितल्या. आणि समोर गौराचे दोन्ही कान ताठ, सरळ रस्त्याकडे. ती धुरातून सरळ धावत गेली, जशी वरातीत नवरदेवाला घेऊन जात असेल.

मी परत आलो तेव्हा सगुणा काहीच ओरडली नाही. पदरानं नाक पुसत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"धूर गेला," ती म्हणाली.

दसऱ्याला दुपारपासून शिवेवर माणूस मावत नव्हतं. तिसरा दसरा म्हणून शेजारच्या दोन वाड्यांतले लोकही आले होते. आप्पा नवा फेटा बांधून आला होता. गौराला बघून त्यानं हात जोडले.

"श्रीपती, वरातीची घोडी हाय. नीट बघ हां. ढोल वाजला तर कुणाच्या तरी मांडवात जाऊन उभी राहायची. दुसरं लगीन हुईल तुझं!"

"मग तू वऱ्हाडी ये," मी म्हणालो.

बंदूक घरूनच भरून आणली होती. निघताना मी सगुणाला हळूच विचारलं होतं, "आज तरी भरलीस ना?"

"मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "बायकांनी हात लावायचा न्हाई. मामंजींनी भरली असंल."

मी नानांकडे बघितलं. नानांनी आंधळे डोळे आभाळाकडे लावले.

आता विचार केला की कळतं, ती त्या दिवशी रिकामी बंदूक कशी देईल! पण तेव्हा घोड्यावर बसून, हातात पेटता तोडा आणि समोर सगळं गाव असताना, मला खरोखर माहीत नव्हतं.

पालखी खाली टेकली. पाटलांनी उपरणं हलवलं. मी गौराला टाच दिली.

लोक उजवीकडे उभे होते. बायकांचा घोळका त्यांच्या पुढे होता आणि त्या घोळक्याच्या अगदी पुढच्या टोकाला हिरवं लुगडं नेसून सगुणा. बाकी सगळ्या जणी कोहळ्याकडे बघत होत्या. मी झाकण सरकवलं. वाऱ्यानं थोडी रंजक उडाली. नेम धरला. बार नसला तर नसला, डोळे मिटायचे नाहीत, एवढंच मी ठरवलं. खटका दाबला.

फस्स.

आणि धाड.

कोहळ्याचा खालचा निम्मा भाग गायब झाला. वरचा देठाला धरून गरगर फिरत राहिला. बिया ओढ्याच्या दरडीवर जाऊन आपटल्या. ते सगळं मी बघितलं. गौरा सरळ पुढे गेली, शंभर पावलांवर आपणहून थांबली आणि बांधावरचं गवत खाऊ लागली.

मग जो गलका झाला तो काय सांगू! ढोल सुरू झाले. लोक आपट्याकडे धावले. पाच-सहा जणांनी येऊन गौराच्या गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या. मला कुणी विचारलंही नाही. जो तो घोडीला थोपटत होता. "घोडी म्हंजे घोडी!" "अशी पायजे!" "कान सुदीक हलला न्हाई बघा!"

घरी आल्यावर सगुणानं दारात ओवाळलं. नाना म्हणाले, "आधी गौराला ओवाळ."

"तिलाच ओवाळते," ती म्हणाली, आणि घोडीच्या कपाळाला कुंकू लावलं. मग माझ्या लावलं.

दिवेलागणीला आप्पा सोनं घेऊन आला. गुमान नानांच्या पाया पडला. मला मिठी मारली. मनाचा वाईट नव्हता तो.

"खुंट्या मारल्या हुत्या रं मी," तो म्हणाला. "खरंच मारल्या हुत्या." मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांग, घोडीला काय केलंस? बुजत हुती म्हणून तुम्ही दोन विकल्या. ही कशी सुधारली?"

मला वाटलं सांगून टाकावं. दोन मुक्या जनावरांवर मी आळ घेतला होता. मी म्हणालो, "आप्पा, खरं सांगायचं तर घोडी..."

"गूळ-हरबरं!" आतून सगुणाचा आवाज आला. ती चहा घेऊन बाहेर आली. "रोज सकाळी पसाभर, भाऊजी. भिजवून. लोणंदला आमचे वडील तसंच चारायचे. जनावराचं काळीज घट्ट हुतं."

"पसाभर?"

"पसाभर. जास्ती न्हाई."

आप्पानं मान हलवली, चहा प्याला आणि गेला. पुढच्या आठवड्यात खालच्या आळीतली बैलंसुद्धा गूळ-हरभरे खात होती.

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. ती पुरणाच्या पोळ्या झाकून ठेवत होती.

"खोटं कशाला सांगितलंस?"

"मग काय सांगायचं हुतं? आमच्या माणसाचे डोळे मिटतात म्हणून?"

"खरंच हाय ते. मी सांगणार हुतो."

"आणि पुढच्या दसऱ्याला?" ती माझ्याकडे वळली. हाताला पुरण लागलं होतं. "सगळं गाव तुमच्या डोळ्यांकडं बघत बसलं असतं. मिटतात का, मिटतात का. मग मिटले असते. आता घोडीच्या कानाकडं बघत्यात. बघू द्या की. तिला काय फरक पडतोय?"

तिनं ताटात पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली आणि म्हणाली, "बसा. सकाळपासून काही खाल्लं न्हाई तुमी."

त्यानंतर मी एकवीस दसरे बार उडवला. दोन-तीनदा चुकलोही, पण लागोपाठ कधीच नाही. दर वर्षी गाव घोडीचे कान बघत राहिलं. सगुणा बायकांच्या घोळक्यात अगदी पुढे उभी राहून माझे डोळे बघायची. बार झाल्यावर धुरातून मी आधी तिच्याकडे बघायचो. तिनं मान हलवली की मग कोहळ्याकडे वळून बघायचो, फुटलाय का ते.